टचिंग

जांबोटी क्रॉसला माझा फोटो स्टुडिओ.
बत्तीस वर्षं मी लोकांचे डाग पुसतोय.
आधी निगेटिव्हवर, टोक काढलेल्या शिसपेन्सिलीनं.
काळं असतं ते तिथं पांढरं दिसतं,
त्यावर पेन्सिल फिरवायची, श्वास धरून.
आता माऊसनं.
आठ फोटो साठ रुपये. टचिंग फुकट.

त्यामुळं माणूस नवखा असला
तरी डाग ओळखीचा निघतो.
कॉलेजच्या पोरांचे मुरुम फोडून उरलेले, मोहरीएवढे, तपकिरी.
नखं लावू नको, आपापले जातील, सहा महिने थांब, म्हणतो मी.
कोण थांबतंय.
भरमाणा कुंभाराच्या मानेवरची मखमली काळी वळी,
त्याची बायको काथ्यानं घासायची ती.
मळ नव्हताच.
रक्त तपासलं तर साखर तीनशेच्या वर.

आणि बायकांच्या गालांवर, दोन्हीकडं सारखा,
नाकाच्या दांड्यावरून जोडलेला नकाशा : वांग.
नकाशांवरनं इकडं माणसं जन्मभर भांडतात,
हा एवढा मात्र सगळ्यांना पुसून पाहिजे.

शेवंता कौलांच्या कारखान्यात, भट्टीच्या तोंडाशी.
धाकटा पोटात असताना तिच्या गालावर सावली पडली
ती तो शाळेत जायला लागला तरी उठेना.
मेडिकलमधनं ट्यूब आणली, शेजारणीनं नाव सांगितलेली.
पंधरा दिवसांत गाल असा उजळला
की गल्लीत तीन ट्यूबा खपल्या.
चौथ्या महिन्यात कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी,
आत लाल शिरा, उन्हात गेलं की आग.
लावायची थांबली की दुप्पट काळं.

डॉक्टर हंचिनाळ बाई गुरुवारी येतात बेळगावहून.
त्यांचं मराठी अडखळतं, हिचं कन्नड बाजारापुरतं.
शेवंतानं गालावर बोट ठेवलं : "वांग."
"हां, बंगु," त्या म्हणाल्या.
दोघी हसल्या.
व आणि ब यांत अंतर केवढं?
ओठ एकदा मिटायचे, बस.

"ही ट्यूब बंद. आधी वाढेल, घाबरायचं नाही.
लिंबू नको, सोडा नको, घासायचं नाही.
सकाळी आणि दुपारी उन्हाचं मलम, ढग असले तरी.
रात्री हे, वाटाण्याएवढं, मी सांगेन तेवढेच महिने.
भट्टीपासून लांबचं काम मागा.
अन् जुने फोटो आणा घरातले,
कधीपासून आहे बघू."

रात्री ट्रंक उघडली.
बारसं, रेशनकार्ड, गोव्याच्या चर्चपुढं काढलेला,
बहिणीच्या लग्नातला.
सगळीकडं शेवंता धुतलेल्या ताटासारखी.
एकाही फोटोत डाग नाही.
मीच पुसलेले. न विचारता. हौसेनं.

ती बराच वेळ एकेक उलटत बसली.
मग म्हणाली, "मी समजत होतो,
तुमाला दिसतच नाही."

आता महिन्याच्या पहिल्या गुरुवारी
उत्तरेच्या खिडकीपाशी, त्याच स्टुलावर,
तिचा एक फोटो. माऊस लांब.
पाचव्यात कडा जरा विरल्यात.
मग जत्रेत दोन दिवस मलम विसरली,
सहाव्यात पुन्हा दाट.
असंच असतंय म्हणे हे,
कमी होतं, जात नाही, राखावं लागतं.
"राखतो की," शेवंता म्हणाली,
"म्हशीला राखत नाही का मी?"

काल एक पोरगी आली, स्थळाला पाठवायला फोटो.
दोन्ही गालांवर तोच नकाशा.
पुसू का, विचारलं.
पहिल्यांदाच विचारलं असेन कुणाला.
"पुसा की, विचारताय काय?"
पुसला.
पाकिटात मात्र मागं एक प्रत घातली, न पुसलेली,
आणि पाठीवर लिहिलं :
गुरुवार, सकाळी दहा, सरकारी दवाखाना.
ट्यूब आणू नको.